जिंगदेझेनला पहिल्यांदा जाताय? आधी वार बघा, मग तिकीट काढा

लोणच्याची ती वरून तपकिरी खालून पांढरी बरणी असते ना, जिला आपण चिनी मातीची म्हणतो, ती खरं तर पोर्सिलेन, म्हणजे ती पातळ, पांढरी, ठणठणीत माती, नाहीच, जाड स्टोनवेअर आहे. खरं पोर्सिलेन जिथून जगभर गेलं ते गाव म्हणजे चीनच्या जियांगशी प्रांतातलं जिंगदेझेन, चांग नदीच्या खोऱ्यात वसलेलं, आजूबाजूला सगळ्या टेकड्या. मी शनिवार-रविवार कुंभाराच्या चाकावर बसणारी हौशी बाई, मास्टर वगैरे काही नाही, पण दोनदा तिथे जाऊन आलेय आणि पहिल्या खेपेला जवळजवळ सगळंच चुकीच्या दिवशी केलं. रविवारी रात्री पोचले, सोमवारी म्युझियमच्या बंद दारासमोर उभी राहिले, गुरुवारी परत निघाले आणि एकही मोठा बाजार बघितला नाही. दोष कुणाचा नाही, माझाच, कारण मी ट्रेनची तिकिटं स्वस्त बघून काढली होती, वार बघून नाही.

तर सगळ्यात आधी वार

हे गाव बाजारावर चालतं आणि बाजार वारावर. शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी ताओशीचुआनला, म्हणजे एका जुन्या पोर्सिलेन कारखान्याच्या आवारात, तरुण पोरापोरींचा मोठा बाजार लागतो. शनिवारी सकाळी जुन्या शिल्प कारखान्याच्या आवारात आणखी एक, लहान पण निवडक. सोमवारी पहाटे, म्हणजे खरंच उजाडायच्या आधी, जुन्या वस्तूंचा आणि तुकड्यांचा बाजार भरतो ज्याला तिकडे भुतांचा बाजार म्हणतात, लोक टॉर्च घेऊन फिरत असतात. आणि सोमवारीच शाही भट्टीचं म्युझियम बंद. हे सगळं एकत्र मांडलं की उत्तर आपोआप येतं, गुरुवारी संध्याकाळी पोचा आणि मंगळवारी निघा. त्यापेक्षा कमी वेळ असेल तर निदान शुक्रवार आणि शनिवार तरी हातात ठेवा. वेळा मधेमधे बदलतात, त्यामुळे हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी एकदा विचारून घ्या.

ऋतूचं म्हणाल तर मे ते जुलै पाऊस भरपूर, जुलै-ऑगस्ट उकाडा असा की आपली मुंबई बरी वाटावी. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. फक्त ऑक्टोबरचा पहिला आठवडा सोडून, तेव्हा चीनची राष्ट्रीय सुट्टी असते आणि अख्खा देश फिरायला निघतो. त्याच महिन्यात पुढे गावात मोठा सिरॅमिक मेळा असतो, बघायला मजा पण खोल्यांचे भाव चढलेले.

पोचायचं कसं

भारत-चीन थेट विमानं ऑक्टोबर 2025 पासून परत सुरू झालीत. शांघायला उतरून हायस्पीड ट्रेनने जिंगदेझेन नॉर्थ स्टेशन गाठायचं, साधारण चार तास धरा. प्रांताची राजधानी नानचांग, तिथून आता तासाभराचा प्रवास, कारण नानचांग-जिंगदेझेन-हुआंगशान ही नवी लाइन डिसेंबर 2023 ला सुरू झाली. त्याच लाइनवर पुढे हुआंगशान म्हणजे ते ढगातले प्रसिद्ध डोंगर, ज्यांना जोडून करायचंय त्यांनी करा. गावाला छोटा विमानतळही आहे. ट्रेनचं तिकीट पासपोर्ट नंबरवरच मिळतं आणि गेटवर पासपोर्टच दाखवायचा असतो, तेव्हा तो बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

फोनची तयारी घरूनच करून जा, हे मी दहा वेळा सांगेन. गुगल, व्हॉट्सॅप, इंस्टा तिथल्या नेटवर चालत नाही, म्हणून बाहेरच्या कंपनीचं रोमिंग ई-सिम घेतलेलं बरं. अलीपे आणि वीचॅट ही पैसे द्यायची ॲप टाकून त्यात आपलं इंटरनॅशनल कार्ड जोडा, पासपोर्टचं व्हेरिफिकेशन करा, कारण भजीवाल्यासारखा जो माणूस कोपऱ्यावर काहीतरी तळत बसलेला असतो तोसुद्धा क्यूआर कोडच पुढे करतो. थोडी रोकड असू द्या पण सुट्टे मिळतीलच असं नाही. नकाशासाठी तिथलं गाओदे ॲप. आणि हॉटेलचं नाव-पत्ता चिनी अक्षरांत स्क्रीनशॉट काढून ठेवा, मी टॅक्सीवाल्याला सानबाओ भागात जायचं म्हणून आपल्या उच्चारात "सानबाओ सानबाओ" म्हणत होते आणि त्या बिचाऱ्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

राहायचं कुठे

दोनच पर्याय लक्षात ठेवा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ताओशीचुआनच्या आसपास राहावं. हा 1950 च्या दशकातला सरकारी पोर्सिलेन कारखाना होता. 90 च्या दशकात सरकारी कारखाने एकामागून एक बंद पडले, हजारो कामगार घरी बसले, आणि मग 2016 ला याच आवाराची स्टुडिओ, दुकानं, कॅफे अशी नवी मांडणी झाली. चिमण्या तशाच उभ्या आहेत, आत जुन्या भट्ट्याही ठेवल्यात. आपल्या परळ-लालबागच्या गिरण्या आठवतात आणि थोडं पोटात कालवतं, तिथे टॉवर आले आणि इथे निदान काम तरी मातीचंच राहिलं.

दुसरा पर्याय सानबाओ, शहराच्या कडेला ओढ्याकाठची दरी, स्टुडिओच स्टुडिओ, शांत. दुसऱ्यांदा जाल किंवा महिनाभर राहाल तेव्हा तिथे. बाहेरून येऊन गावात राहणाऱ्या कलाकार पोरांना जिंगप्याओ म्हणतात, म्हणजे जिंगदेझेनला वाहत आलेले, आणि सानबाओत ते पावलोपावली भेटतात.

शुक्रवार सकाळ: आधी फुटलेलं बघा

सरळ झूशान टेकडीकडे जा, शाही भट्टीचं म्युझियम. मिंग आणि छिंग घराण्यांची राजदरबाराची भांडी इथे बनायची, 1911 पर्यंत. म्युझियमची इमारतच लाल विटांच्या लांबुळक्या कमानींची आहे, भट्टी आडवी झोपवल्यासारखी, आणि त्यात जुन्या भट्ट्यांच्या विटाही वापरल्यात. भट्टी सारखी तापून तापून दोन-तीन वर्षांत पाडून परत बांधावी लागायची, तर त्या विटांनी गावातल्या गल्ल्यांच्या भिंती बांधलेल्या दिसतील, झूशानच्या बाजूच्या ताओयांगली भागात फिरलात की लगेच ओळखाल.

आत बघायचं काय तर जोडलेले तुकडे. राजासाठीचं भांडं जरा जरी चुकलं, रंग किंचित पसरला, की ते फोडून पुरून टाकायचे म्हणजे बाहेर कुणाच्या हाती लागायला नको. पुरातत्ववाल्यांनी ते खड्डे उकरून तुकड्याला तुकडा जुळवून भांडी परत उभी केलीत. मिंग घराण्यातल्या शुआनद सम्राटाला रातकिड्यांच्या झुंजीचा नाद होता, तर त्याच्या रातकिड्यांसाठी केलेल्या नक्षीदार डब्या इथे आहेत, म्हणजे बघा कीटकाचं घरसुद्धा नापास होत होतं. मिंगांच्याच छंगह्वा सम्राटाच्या काळातला कोंबडा-कोंबडीचं चित्र असलेला दारूचा एवढासा पेला 2014 ला हाँगकाँगच्या लिलावात 28 कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेला, त्याच काळातले नापास तुकडे इथे काचेमागे बघायला मिळतात.

हे म्युझियम पहिलं बघा असं मी म्हणते त्याचं कारण आहे. आधी बाजारात गेलात तर सगळंच सुंदर दिसतं आणि पाकीट रिकामं होतं. हे बघून गेलात की डोळा तयार होतो, रेघ कुठे अडखळली, ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, कुठे जाड झालं, ते आपोआप दिसायला लागतं.

गाइड एक गोष्ट हमखास सांगेल की गावाचं जुनं नाव चांगनान आणि त्यावरूनच चायना शब्द आला. ऐकायला छान आहे, मान हलवा, पण चीन हा शब्द आपल्या संस्कृतात त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चीनपट्ट येतंच की. जिंगदेझेन हे नाव मात्र खरोखर राजाने दिलेलं, 1004 साली सोंग घराण्याच्या जिंगद या कालखंडावरून.

दुपार: कुंभार बघा

मग जुन्या भट्ट्यांचं लोकजीवन संग्रहालय आहे तिकडे जा, तिकीट आहे, पण पैसे वसूल. म्हातारे कारागीर तिथे जुन्या पद्धतीने काम करून दाखवतात. उंच बैठकीवर बसून काठीने चाकाला गती द्यायची आणि मग गोळ्याला हात लावायचा. अहो हे तर आपल्या कुंभाराचंच! मी अर्धा तास तिथून हलले नाही. फरक पुढे कळतो. आपल्याकडे एकच कुंभार माठ घडवतो, इथे कामाच्या एवढ्या फोडी आहेत की विचारू नका, एक जण चाकावर नुसता आकार काढणार, दुसरा साच्यावर थापून तो सारखा करणार, तिसरा वाळल्यावर पत्रीने तासून कागदासारखा पातळ करणार, निळ्या चित्राची रेघ एक ओढणार आणि आतला रंग दुसराच भरणार. 1637 च्या एका चिनी ग्रंथात लिहिलंय की एक पेला 72 हातांतून जातो. 1712 ला फ्रेंच पाद्री दांत्रकोल इथे राहून ही सगळी पद्धत पत्रात लिहून घरी कळवत होता, युरोपला हे गुपित हवंच होतं. रात्री भट्ट्यांमुळे गाव पेटल्यासारखं दिसतं असं त्याने लिहिलंय.

तिथली मोठी भट्टी आत जाऊन बघा, आडव्या अंड्यासारखी, पाइनच्या लाकडावर चालणारी. थर्मामीटर नसताना मुख्य भट्टीवाला आत थुंकून ती थुंकी कशी उडते त्यावरून ताप ओळखायचा असं सांगतात. आणि तोंग बिनचं देऊळ चुकवू नका. मिंग घराण्याच्या वानली सम्राटाच्या काळात मोठे ड्रॅगनचे रांजण काही केल्या नीट निघेनात, दरबाराच्या अधिकाऱ्याने कारागिरांना मारहाण सुरू केली, तेव्हा या भट्टीवाल्याने भट्टीत उडी घेतली आणि रांजण नीट निघाले अशी कथा आहे. तो आता भट्टीचा देव.

बाजारात घ्यायचं कसं

काही शब्द कानावर असू द्या. छिंगह्वा म्हणजे पांढऱ्यावर निळं, त्यातला कोबाल्ट एकेकाळी इराणकडून यायचा. फनत्साय म्हणजे वरून मऊ रंगांत रंगवलेलं. लिंगलोंग म्हणजे अंगात तांदळाच्या दाण्याएवढी भोकं पाडून ती ग्लेझने भरलेली, उजेडात धरली की दाणे चमकतात. तुमच्या घरी कुणाच्या तरी लग्नात आलेला असा सूप बाऊलचा सेट नक्की असेल, बघा काढून.

हाताने रंगवलंय की स्टिकर आहे हे ओळखायचं सोपं आहे. दोन सारख्या वाट्या शेजारी ठेवा. दोन्हीवरची फांदी तंतोतंत एकाच जागी वळत असेल तर स्टिकर. नखाने कडा चाचपा, भिंगाने किंवा फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा, बारीक ठिपके ठिपके दिसले तर छापील. हाताच्या कामात ब्रश जिथे थांबला तिथे निळा गडद झालेला असतो. छापील घेऊच नका असं नाही, रोजच्या चहाला मस्तच आहे, फक्त हाताच्या कामाचे पैसे देऊ नका.

घासाघीस करायची का? घाऊक दुकानांत करा, बिनधास्त. ताओशीचुआनला आणि शनिवारच्या सकाळच्या बाजारात जी पोरं बसतात ती स्वतः केलेलं विकत असतात, बरीचशी सिरॅमिक युनिव्हर्सिटीतली किंवा नुकती बाहेर पडलेली, तिथे तुळशीबागेचा आवेश नको. मी एका मुलीशी दहा युआनवरून हुज्जत घातली आणि मग कळलं की त्या आकाराचे तिच्या भट्टीत टाकलेल्यातले निम्मे वाकडे निघाले होते. दोन-तीन वस्तू घेतल्या तर ती पोरं स्वतःच कमी करतात.

सोमवार पहाटेचा बाजार बघायला जा, विकत घ्यायला नाही. तिथे दर तिसरी वस्तू मिंग काळातली म्हणून विकतात. या गावात जुन्यासारखं नवं करणारे हात इतके तयार आहेत की तुम्हा-आम्हाला कळायची सुतराम शक्यता नाही. आणि समजा चुकून खरंच जुनं निघालं तर भानगड मोठी, 1911 च्या आधीच्या वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी आहे. तुकड्यांचे दागिने वगैरे मोह होतो, पण नवीन मातीचं घ्या. जुने तुकडेच बघायचे असतील तर आपल्याकडेही आहेत की, चौलला आणि जुन्या गोव्यात उत्खननात चिनी पोर्सिलेनचे तुकडे सापडलेत, पोर्तुगीजांचा माल तर गोव्यावरूनच लिस्बनला जायचा.

स्वतः हात घालायचा असेल तर

इथे नवखे सगळ्यात जास्त फसतात, कारण त्यांना वाटतं चार दिवसांत कॉफीचा मग बनवून घेऊन जाऊ. होत नाही. घडवणं, वाळणं, तासणं, रंगवणं, ग्लेझ, भाजणं, मग गार होणं, पावसाळी हवा असेल तर नुसतं वाळायलाच दिवसच्या दिवस. कमी दिवस असतील तर चाकावर मजेपुरतं बसा आणि तयार कोरी वाटी किंवा ताटली विकत घेऊन त्यावर चित्र काढा, ती एक-दोन दिवसांत भाजून मिळू शकते, निघायच्या दिवसाचा हिशोब आधी सांगा. मी एका ठिकाणी न सांगता कप ठेवला आणि तो आजही तिथेच असेल.

तीन-चार आठवडे असतील तर स्टुडिओत जागा भाड्याने घ्या. आपल्याकडे स्टोनवेअरवर हात बसलेल्यांनी दोन गोष्टींची तयारी ठेवावी. ही माती रुसकी आहे, उचलताना जरा वाकवलीत आणि परत सरळ केलीत तरी भट्टीत ती पुन्हा वाकते, तिला सगळं लक्षात असतं. आणि आटते भरपूर, 15 ते 20 टक्के, म्हणजे चहाचा कप हवा असेल तर ओला असताना तो तांब्याएवढा वाटला पाहिजे. ताप साधारण 1300 अंश. पारंपरिक पद्धतीत बिस्क, म्हणजे ग्लेझ देण्याआधीची पहिली भाजणी, करतच नाहीत, कच्च्या सुक्या भांड्यावरच ग्लेझ देऊन एकदाच भाजतात, बघताना आपल्यालाच धडकी भरते.

चांगली बाजू अशी की भट्टी विकत घ्यावी लागत नाही. गावात सार्वजनिक भट्ट्या आहेत, जागेप्रमाणे पैसे, तुमची भांडी फळीवर मांडून नेणारे लोकसुद्धा मिळतात. लांब फळीवर कच्ची भांडी रचून माणूस गर्दीतून शांतपणे चाललेला दिसला तर बाजूला व्हा आणि फोटोसाठी थांबवू नका. साचा करणारा वेगळा, ग्लेझ विकणारा वेगळा, ब्रशवाला वेगळा, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे हत्यारं घरून नेऊ नका, तिथेच छान मिळतात.

एक दिवस मातीच्या मुळाशी

रविवार यासाठी ठेवा. गाडी ठरवून ईशान्येला गाओलिंग गावाकडे जा, काओलिन हा जगभरचा शब्द याच गावावरून आला, अर्थ उंच डोंगर. जुन्या खाणींची तोंडं झाडीत दिसतात. पोर्सिलेनला दोन गोष्टी लागतात, एक हे काओलिन जे उभं राहायला ताकद देतं आणि दुसरा पोर्सिलेनचा दगड जो कुटून, गाळून, पांढऱ्या विटा पाडून गावात यायचा. कुटायला पाण्यावर चालणारे लाकडी घण असायचे, आपल्या उखळ-मुसळाला ओढा जोडल्यासारखे. सगळं नदीनेच खाली यायचं आणि तयार माल त्याच नदीने पोयांग तलावाकडे. गाओलिंगच्या पायथ्याशी दोंगबू नावाचा जुना धक्का आहे, दगडी रस्ता गुळगुळीत झालाय. तिथून पुढे याओली, नदीकाठचं जुनं गाव, चहाचे मळे, तिथेच जेवा.

जेवणावरून आठवलं. इथलं जेवण तिखट, कोल्हापूरकरांना त्रास नाही. सकाळी लंगफन, म्हणजे जाड तांदळाच्या शेवया मिरची-लसूण घालून, आणि जियाओझी बा, उकडलेल्या मोदकाच्या जवळची तांदळाच्या पारीची करंजी, आत मुळा, टोफू किंवा मांस. शाकाहारी लोकांनी "वो ची सू" पाठ करा आणि तरीही चरबी वापरलीय का ते ट्रान्सलेटरवर विचारा, भाजी दिसते म्हणजे शाकाहारी असं इथे नसतं.

आणायचं कसं

दुकानदाराने बांधून दिलं म्हणून निर्धास्त राहू नका, त्यांचं पॅकिंग ट्रकच्या हिशोबाने चांगलं असतं, विमानाच्या नाही. वाट्या एकात एक घालताना मधे फोमचा कागद, कपाच्या आत मोजे कोंबा, कानाला वेगळी पट्टी गुंडाळा, आणि सगळं बॅगेच्या मधोमध, चारी बाजूंनी कपडे. महागातलं एकच भांडं हातात घ्या. जास्त घेतलं असेल तर शांघायच्या हॉटेलवर कुरिअर करा, हे कुरिअरवाले रोज हेच पाठवतात, त्यांचे हात बसलेत. घेतानाच प्रत्येक भांडं बोटाने टिचकी मारून ऐका, स्वच्छ ठणका आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी केस गेलेला आहे, ते भांडं तिथेच परत द्या कारण घरी आल्यावर तुम्ही स्वतःलाच दोष द्याल की बॅग नीट भरली नाही. पावत्या फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कस्टमला विचारलं तर लागतात.